परदेशात सस्टेनेबल डेव्हलपमेंटचं मास्टर्स: नाव एक, डिग्र्या चार

सस्टेनेबल डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे शाश्वत विकासात, मास्टर्स करायला परदेशी जायचंय असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, नक्की कुठलं? कारण या एका नावाखाली युनिव्हर्सिट्या निदान चार अगदी वेगळ्या गोष्टी शिकवतात, आणि माहितीपत्रकात मात्र सगळं सारखंच दिसतं, तीच पवनचक्की, तेच गवतावर बसलेले हसरे विद्यार्थी, तेच जग बदलायचं आवाहन. एका ठिकाणी दोन वर्षं गणित आणि सॉफ्टवेअर असतं तर दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षं फक्त वाचन, चर्चा आणि निबंध. दोन्ही चांगलं असू शकतं, पण ज्याला एक्सेल बघून ताप येतो तो पहिल्या ठिकाणी रडतो आणि ज्याला तीस पानी पेपर वाचायचा कंटाळा आहे तो दुसऱ्या ठिकाणी.

विषय कुठून आला ते थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी १९८३ मध्ये एक आयोग नेमला, अध्यक्ष होत्या नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, आणि १९८७ च्या त्यांच्या अहवालात जी व्याख्या आली ती आजही पहिल्या लेक्चरच्या पहिल्या स्लाइडवर असते. आजच्या लोकांच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत असं काही करून ठेवायचं नाही. ऐकल्यावर कोण नाही म्हणेल? आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे, कारण कुणाच्या गरजा, गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते, पुढची पिढी म्हणजे किती पुढची, यातलं काहीच त्या वाक्यात ठरलेलं नाही. मग १९९२ ला पर्यावरण आणि विकासावरची रिओची परिषद झाली, २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे शाश्वत विकासाचे १७ गोल्स आणि त्याखाली १६९ टार्गेट्स आली, मुदत २०३० ची. ही टार्गेट्स सुटी सुटी वाचली तर सगळी गोड, पण शेजारी शेजारी ठेवली की भांडायला लागतात. टार्गेट ८.१ म्हणतं की सर्वात कमी विकसित देशांचा जीडीपी वर्षाला किमान ७ टक्क्यांनी वाढावा, गोल १३ म्हणतं हवामान बदल रोखा. सगळ्यांना स्वच्छ वीज द्या म्हणून धरण बांधलं तर नदीची परिसंस्था गेली आणि काठची माणसं उठली, म्हणजे एक गोल पुढे सरकला आणि दोन मागे.

ही भांडणं नीट मांडता येणं आणि त्यातून मार्ग काढताना कोण काय गमावतंय हे न लपवता सांगता येणं, माझ्या मते ही डिग्री त्यासाठीच असते. झाडं लावा, प्लास्टिक टाळा हे शिकायला कुणी एवढी फी भरायची गरज नाही.

यातलं सगळ्यात जुनं भांडण म्हणजे वीक आणि स्ट्राँग सस्टेनेबिलिटी. एका देशाने जंगल तोडलं आणि आलेला पैसा शाळा, रस्ते, कारखान्यात घातला, तर पुढच्या पिढीचं नुकसान झालं की नाही? रॉबर्ट सोलो यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणायचे की एकूण भांडवल कमी झालं नाही ना, मग ठीक आहे, एका प्रकारचं गेलं आणि दुसऱ्या प्रकारचं आलं, ही वीक बाजू. जागतिक बँकेत काम केलेले हर्मन डेली म्हणायचे असं चालत नाही, समुद्रात मासेच उरले नाहीत तर कितीही बोटी बांधा, काय उपयोग, ही स्ट्राँग बाजू. हा वाद नुसता तात्त्विक वाटतो, पण त्याचे आकडे होतात आणि त्या आकड्यांवर सरकारं निर्णय घेतात. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये हवामान बदलाच्या अर्थशास्त्रावर अहवाल केला, त्यात भविष्यातलं नुकसान आजच्या किमतीत आणायला वर्षाला साधारण १.४ टक्के दर (डिस्काउंट रेट) धरला होता. विल्यम नॉर्डहाउस (यांना नंतर २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांचा आक्षेप होता की दर खूपच कमी धरलाय. आता एवढ्याशा टक्क्यांवरून काय भांडायचं असं वाटत असेल तर कॅल्क्युलेटर घ्या. शंभर वर्षांनी होणारं १,००० डॉलरचं नुकसान १.४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं तर साधारण २४९ डॉलर होतं, आणि ५ टक्के धरले तर साडेसात डॉलर. पहिल्या आकड्यावर आजच भरपूर खर्च करणं शहाणपणाचं ठरतं, दुसऱ्यावर बघू नंतर म्हणता येतं. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या माणसाची किंमत किती धरायची हा नैतिक प्रश्न एका स्प्रेडशीटच्या एका खान्यात गुपचूप बसलेला असतो, आणि तो खाना शोधून काढायची सवय लागली की मास्टर्सचे निम्मे पैसे वसूल.

आता त्या चार डिग्र्या.

पहिली सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या अंगाने जाणारी. नेदरलँड्समधल्या लायडन आणि डेल्फ्ट युनिव्हर्सिट्या मिळून चालवतात तो इंडस्ट्रियल इकॉलॉजीचा कोर्स या जातीचा, तिथल्याच युट्रेक्टच्या सस्टेनेबल डेव्हलपमेंटमधला एनर्जी आणि मटेरियल्सचा ट्रॅक पण तसाच. इथे लाइफ सायकल असेसमेंट, मटेरियल फ्लो, एनर्जी मॉडेलिंग असले प्रकार असतात. लाइफ सायकल असेसमेंट, सगळे एलसीए म्हणतात, ते जरा नीट बघू कारण त्यावरून या डिग्रीचा स्वभाव कळतो. एखाद्या वस्तूचा कच्चा माल काढण्यापासून ती कचऱ्यात जाईपर्यंत पर्यावरणावर काय काय परिणाम होतो ते मोजायचं, आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची स्टँडर्ड्स आहेत. नेहमीचं उदाहरण पिशवीचं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत कापडी सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या हिशोबाने ५२ वेळा वापरली तर बरोबरी होते, आणि बाकीचे सगळे निर्देशक (म्हणजे पाणी, ओझोन थर असे मोजलेले इतर परिणाम) धरले तर ७,१०० वेळा. यावर लोकांनी लगेच बोंब ठोकली की बघा, प्लास्टिकच चांगलं. वर्गात मात्र इथून पुढे काम सुरू होतं. ५२ आणि ७,१०० मध्ये एवढं अंतर का? तर ७,१०० हा आकडा ओझोन थराच्या निर्देशकामुळे आलाय, म्हणजे एका निर्देशकाने अख्खा निकाल फिरवला. समुद्रात जाऊन पडणाऱ्या प्लास्टिकचं काय? तो परिणाम त्या हिशोबात नव्हताच. तुलना कशाची, एका पिशवीची एका पिशवीशी, की घरी आणायच्या ठराविक सामानाची? यालाच फंक्शनल युनिट म्हणतात आणि ते बदललं की निकाल बदलतो. पिशवी पुन्हा कचऱ्याच्या डब्यात वापरली असं धरलं का? ब्रिटनच्या २०११ च्या तशाच अभ्यासात सुती पिशवीचा हवामानापुरता आकडा १३१ आला होता, कारण समोरची पिशवी वेगळी, पातळ होती. खोटं कुणीच बोलत नाहीये, हद्द कुठे आखली त्यावर उत्तर ठरतंय.

दुसरी जात पॉलिसी आणि गव्हर्नन्सची, यात कायदे, आंतरराष्ट्रीय करार, संस्था कशा चालतात हे येतं. स्वीडनच्या लुंड युनिव्हर्सिटीत दोन वेगळे प्रसिद्ध प्रोग्रॅम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात, एक लुमेस, जो १९९७ पासून सस्टेनेबिलिटी सायन्सच्या बाजूने चालतो, आणि दुसरा इंडस्ट्रियल एन्व्हायर्न्मेंटल इकॉनॉमिक्सच्या इन्स्टिट्यूटचा, ज्यात कंपन्या आणि धोरणांचं काम जास्त. अर्ज करताना कुठल्यासाठी करताय ते बघा.

तिसरी डेव्हलपमेंट स्टडीजकडे झुकलेली, गरिबी, जमीन, स्थलांतर, सत्ता कुणाच्या हातात, ब्रिटनमधली ससेक्सची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज १९६६ पासून हेच करते. चौथी मॅनेजमेंटची, म्हणजे बिझनेस स्कूलचा अभ्यासक्रम आणि वर हिरवा मुलामा, काही ठिकाणी खरंच उत्तम, काही ठिकाणी नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. आणि या चारांचं मिश्रण करणारे पण आहेत, स्वीडनमधल्या उप्सालाचा सस्टेनेबल डेव्हलपमेंटचा १२० क्रेडिटचा, म्हणजे दोन वर्षांचा, प्रोग्रॅम तसाच आहे. त्याच शहरात सेमुस नावाचं सेंटर आहे, उप्साला युनिव्हर्सिटी आणि स्वीडिश ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी मिळून चालवतात, तिथे कोर्स आखायचं आणि चालवायचं काम विद्यार्थ्यांकडेच असतं. ऑस्ट्रियाची ग्राट्स युनिव्हर्सिटी एक जॉइंट मास्टर्स चालवते ज्यात लाइपझिग, युट्रेक्ट, व्हेनिस, बाझल, हिरोशिमा अशा ठिकाणी काही काळ शिकता येतं.

मग ओळखायचं कसं? माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि कंपल्सरी कोर्सेसची यादी काढा, त्यात स्टॅटिस्टिक्स, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं), एलसीए किंवा इंटरव्ह्यू घेण्याच्या पद्धती, म्हणजे हाताला शिकवणारं काही आहे का ते बघा, का सगळेच कोर्स 'परिचय' आणि 'दृष्टिकोन' टाइप आहेत. आणि त्याहून भारी उपाय म्हणजे जुने थिसिस वाचणे. स्वीडनच्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे मास्टर्स थिसिस दिवा नावाच्या पोर्टलवर फुकट वाचायला मिळतात. पाचसहा थिसिसचे सारांश वाचले की तिथली मुलं शेवटी काय करू शकतात ते स्वच्छ दिसतं, हे कुठलाच ॲडमिशन एजंट सांगत नाही कारण त्याला स्वतःला माहीत नसतं. (एजंट ज्या युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं तिचीच आरती ओवाळतो, हे पण लक्षात असू द्या.)

आता रोजचा अभ्यास. युरोपात ६० ईसीटीएस (युरोपभर चालणारी क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट म्हणजे एक पूर्ण वर्ष, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे ३० क्रेडिटचं सेमिस्टर ७५० ते ९०० तासांचं झालं, आणि टाइमटेबलमध्ये मात्र आठवड्याला आठदहा तासच लेक्चर दिसतात, त्यामुळे नवीन आलेल्यांना पहिले दोन आठवडे वाटतं की मजाच आहे. बाकीचे तास वाचनाचे असतात. स्वीडनमध्ये बऱ्याच ठिकाणी कोर्स एकामागून एक येतात, ७.५ क्रेडिटचा कोर्स पाच आठवड्यात सुरू होऊन संपतो, त्यामुळे मागे पडलात तर सेमिस्टरच्या शेवटी रात्री जागून भरून काढू हा हिशोब चालतच नाही, शेवट कधीच येऊन गेलेला असतो. सेमिनारला ठरलेले पेपर वाचून यायचं आणि बोलायचं, प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारायची, त्याचं म्हणणं पटत नसेल तर ते पण सांगायचं. ज्यांना आजवर गप्प बसून नोट्स काढल्यावर शाबासकी मिळाली त्यांना हे फार जड जातं. इथे गप्प बसणं म्हणजे वाचून आला नाहीत असं धरलं जातं. आणि लिहिताना कुणाचं वाक्य उचललं आणि संदर्भ दिला नाही तर प्रकरण थेट शिस्तभंग समितीपर्यंत जातं, त्यात 'आमच्याकडे चालतं' याला काही किंमत नाही.

वर्गात इंजिनिअर, वकील, मानववंशशास्त्राचा विद्यार्थी, शेतकी पदवीधर असे सगळे एका टेबलाला असतात आणि पुरावा म्हणजे काय यावरच त्यांचं जुळत नाही. एकाला आकडा हवा, दुसऱ्याला त्या गावात सहा महिने राहिलेल्या माणसाचं म्हणणं हवं. ग्रुपवर्कच्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण नोकरीत रोज हेच असतं. फिशबँक्स नावाचा एक खेळ अनेक ठिकाणी खेळवतात, डेनिस मेडोज यांनी तयार केलेला. प्रत्येक टीम म्हणजे एक मासेमारी कंपनी, दरवर्षी ठरवायचं किती जहाजं घ्यायची आणि कुठल्या पाण्यात पाठवायची, जास्त पैसा कमावेल ती टीम जिंकली. सुरुवातीला सगळ्यांचा नफा वाढत जातो म्हणून सगळे अजून जहाजं घेतात, मग एका वर्षी पकड एकदम कोसळते आणि जहाजं मात्र गळ्यात राहतात. हे सगळे पर्यावरण शिकायला आलेले लोक आहेत बरं का, ज्यांना समुद्र वाचवायचाय! त्यानंतर गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा लेख चर्चेला येतो, ज्यात ते म्हणतात की सामायिक मालकीची गोष्ट लोक ओरबाडून संपवणारच, आणि त्याला उत्तर म्हणून एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांनी कुरणं, जंगलं, पाटबंधारे, मासेमारी अशी खरी उदाहरणं अभ्यासून दाखवलं की लोक आपसात नियम करून, एकमेकांवर लक्ष ठेवून, चुकणाऱ्याला आधी छोटा दंड करून अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. खेळात हरल्यावर ऑस्ट्रॉम वाचल्या की त्या जास्त कळतात, कारण टीम एकमेकींशी बोलल्याच नव्हत्या हे नुकतंच दिसलेलं असतं.

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचा एक फायदा असतो जो तो स्वतःच वाया घालवतो. अभ्यासक्रमातली बरीच उदाहरणं श्रीमंत देशांची असतात, आणि तुम्ही जिथून आलात तिथली पाणीवाटपाची, कचऱ्याची, जमिनीची भानगड तुम्हाला आतून माहीत असते, ती असाइनमेंटमध्ये आणली की वर्गाला पण नवीन मिळतं. फक्त तेवढ्यावर विसंबून 'आमच्या देशात असं असतं' म्हणून सुटता येत नाही, आकडे आणि कागद तिथेही लागतात.

पैशाचं जरा भराभर सांगतो. स्वीडनने २०११ पासून आणि नॉर्वेने २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, त्यामुळे नॉर्डिक देश म्हणजे फुकट हे जुनं ऐकीव ज्ञान सोडून द्या. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत अजूनही ट्यूशन फी नाही, अपवाद आहेत, उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पार्टटाइम कामावर सगळा खर्च निघेल असं गृहीत धरून निघू नका, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी मर्यादा आहे. स्कॉलरशिपमध्ये युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस सगळ्यात घसघशीत, फी माफ आणि वर महिन्याला १,४०० युरो, आणि दोनतीन देशांत शिकणं त्यातच आलं. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची एपॉस योजना विकसनशील देशांतल्या, साधारण दोन वर्षं नोकरी केलेल्यांसाठी आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, ते न वाचता अर्ज करणारे दरवर्षी भेटतात. यातल्या बऱ्याच अर्जांच्या तारखा कोर्स सुरू व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी असतात, स्वीडनचे अर्ज तर मध्य जानेवारीतच बंद होतात.

एक वर्षाचं की दोन वर्षांचं? ब्रिटनमध्ये बहुतेक मास्टर्स एका वर्षात उरकतं, राहण्याचा खर्च वाचतो. पण सप्टेंबरला पोचलात की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज भरायचे असतात, तेव्हा तुम्हाला धड लायब्ररी कुठे आहे ते पण माहीत नसतं. दोन वर्षांच्या कोर्समध्ये इंटर्नशिप बसते, भाषा शिकायला वेळ मिळतो आणि ३० क्रेडिटचा थिसिस शांतपणे करता येतो. परवडत असेल तर मी दोन वर्षंच म्हणेन.

थिसिसचं एक महत्त्वाचं. अनेकांना फील्डवर्कसाठी तिसऱ्याच देशात किंवा मायदेशी जायचं असतं, तिथे विषय निवडण्याआधी दोन गोष्टी विचारा, युनिव्हर्सिटीची एथिक्सची परवानगी किती दिवसांत मिळते आणि इतके महिने बाहेर राहिल्याने रेसिडन्स परमिटला काही बाधा येते का. कंपनीबरोबर थिसिस करणार असाल तर डेटा प्रसिद्ध करता येईल हे आधी लेखी घ्या, नाहीतर सहा महिने काम करून शेवटी आकडे काळे करून छापायची पाळी येते. स्वीडनमध्ये थिसिसच्या सादरीकरणाला दुसरा एक विद्यार्थी ऑपोनंट म्हणून बसतो, त्याने तुमचा थिसिस ओळ न्‌ ओळ वाचलेला असतो आणि उलटतपासणी घेणं हे त्याचं कामच असतं. तुम्हालाही कुणाचं तरी ऑपोनंट व्हावं लागतं.

नोकरीबद्दल गुलाबी चित्र रंगवण्यात अर्थ नाही. सस्टेनेबिलिटीच्या खूप नोकऱ्या प्रत्यक्षात हिशोबाच्या असतात, कंपनीचं कार्बन उत्सर्जन मोजायचं, स्कोप १ म्हणजे स्वतःची धुरांडी आणि गाड्या, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे पुरवठादारापासून ग्राहकापर्यंत उरलेलं सगळं, आणि या स्कोप ३ चा डेटा गोळा करण्यात माणसाचं आयुष्य जातं. युरोपात जानेवारी २०२३ मध्ये सीएसआरडी नावाचा, कंपन्यांनी पर्यावरण आणि समाजावरचे आपले परिणाम जाहीर करायचा, रिपोर्टिंगचा कायदा लागू झाला, सुमारे ५०,००० कंपन्या त्यात येणार म्हणून सल्लागार कंपन्यांनी जोरात भरती केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने त्यातल्या साधारण ८० टक्के कंपन्या वगळायचा प्रस्ताव आणला, भरतीचा वारा फिरला. म्हणजे हे क्षेत्र राजकारणावर हलतं. एक कायदा पाठ असलेल्यापेक्षा एलसीए, जीआयएस, डेटा किंवा फील्डवरची मुलाखत यातलं काहीतरी पक्कं येणारा माणूस अशा वेळी टिकतो.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिने देते, फिनलंड दोन वर्षं, नेदरलँड्स आणि स्वीडन एकेक वर्ष, ब्रिटनमध्ये सध्या दोन वर्षं आहेत पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळतील. आणि इंग्रजीत कोर्स झाला म्हणून नोकरी इंग्रजीत मिळेल असं नाही, नगरपालिका, पाणीपुरवठा, छोट्या सल्लागार कंपन्या, म्हणजे जिथे हे काम खरं चालतं तिथे सगळा कारभार स्थानिक भाषेत असतो. भाषेचे वर्ग बऱ्याच युनिव्हर्सिट्या विद्यार्थ्यांना फुकट किंवा स्वस्तात देतात, नाव मात्र पहिल्याच आठवड्यात नोंदवावं लागतं, नंतर जागा नसते.